आईला वजनाचं इंजेक्शन द्यावं का? आधी त्यांच्या गोळ्यांची पिशवी उघडा

ताई, तुम्ही दारव्हा तालुक्यातून लिहिलंय. आईंचं वय 51, वजन 88 किलो, उंची पाच फूट. 9 वर्षांपासून शुगर, त्याच्या मागोमाग बीपी, थायरॉईडची 75 ची गोळी, दोन्ही गुडघे दुखतात. दोन वर्षांपूर्वी सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, पण त्रास नव्हता म्हणून तसेच ठेवले. मागच्या तपासणीत क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) 1.4 आलं. पुण्याच्या मावशींचं इंजेक्शनने 14 किलो वजन उतरलं आणि आता तालुक्याचा मेडिकलवाला म्हणतोय, नागपूरहून मागवून देतो, आठवड्यातून एकदा टोचायचं. एवढे आजार असताना द्यावं की नाही, हा तुमचा प्रश्न.

मी 22 वर्षांपासून यवतमाळ-वाशिमच्या पट्ट्यात फिजिशियन म्हणून ओपीडी करतो. गेल्या वर्ष-दीड वर्षात हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा निर्णय त्यांना समोर बसवून तपासणाऱ्या डॉक्टरांचाच.

माझं मत आधी सांगतो. तुम्ही दिलेल्या माहितीवरून आई या औषधाला अपात्र वाटत नाहीत. शुगर, बीपी, गुडघे आणि थोडी अशक्त झालेली किडनी, असा माणूस या औषधाचा खरा लाभार्थी असू शकतो. पण पुढच्या सोमवारी मेडिकलमधून आणून टोचायला माझी साफ ना आहे. मध्ये एक महिन्याची तयारी लागते. हे औषध बाकीच्या गोळ्यांच्या वर ठेवायची आणखी एक गोळी नव्हे. ते सुरू करायचं म्हणजे आईंची अख्खी चिठ्ठी नव्याने लिहायची. भूक अर्ध्यावर आल्यावर पिशवीतल्या जुन्या गोळ्या अंगात काय करतील, याचा विचार आधी कोणीतरी करायला हवा.

औषध काय करतं ते थोडक्यात. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-1 नावाचं हार्मोन सुटतं. वजनाच्या इंजेक्शनांत दोन औषधं येतात. त्यातलं सेमाग्लुटाइड त्याची नक्कल करतं. दुसरं, टिरझेपाटाइड, त्याच्यासोबत जीआयपी नावाच्या दुसऱ्या हार्मोनचंही काम करतं. जेवण पोटात जास्त वेळ राहतं, मेंदूला पोट भरल्याचा निरोप लवकर जातो, आणि शुगर वाढलेली असेल तेव्हाच स्वादुपिंडातून जास्त इन्सुलिन सुटतं. या शेवटच्या गुणामुळे एकटं हे इंजेक्शन सहसा शुगर धोक्याइतकी खाली नेत नाही.

आता मावशींच्या 14 किलोंबद्दल. सेमाग्लुटाइडच्या 2021 च्या मोठ्या अभ्यासात शुगर नसलेल्या लोकांचं वजन 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के उतरलं. शुगर असलेल्यांवर तसाच अभ्यास झाला, तिथे हाच आकडा 9.6 टक्के होता. मावशींना शुगर नसेल तर त्यांची आणि आईंची तुलनाच चुकीची. आईंसाठी आठ-साडेआठ किलोची अपेक्षा धरा, तीही सव्वा वर्षात. आठ किलो कमी झाले तरी गुडघ्यांना मोठा आराम पडतो, पण हा आकडा आईंना आधी सांगा. नाहीतर तिसऱ्या महिन्यात त्या म्हणतील, 'एवढा पैसा घातला अन् झालं काय?'

सगळ्यात आधी आईंच्या शुगरच्या गोळीचं नाव बघा. पाकिटावर ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल (बहुतेक वेळा मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत असतं), तर पुढचं नीट वाचा.

मागच्या कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी सहाला एका शेतकऱ्याला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणलं. वय 56. सदरा घामाने चिंब, डोळे उघडे, पण बोलणं असंबद्ध. बायको म्हणाली, 'सकाळपासून अर्धी भाकर खाल्ली जी यायनं. भूकच नाई लागून रायली म्हणे, त्या सुईपासून.' शुगर 43. त्यांनी दुसरीकडून इंजेक्शन सुरू केलं होतं आणि ग्लिमेपिराइड 2 मिलिग्रॅम दोन वेळा तशीच चालू होती. तुम्ही जेवा किंवा नका जेवू, ही गोळी स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढतेच. जेवण अर्धं झालं आणि गोळी पूर्ण राहिली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ते पाच मिनिटांत बोलायला लागले आणि घरी जायची घाई करू लागले. मी रात्रभर ठेवून घेतलं, कारण या गोळीचा असर लांब चालतो आणि शुगर पुन्हा पडते. पहाटे तीनला ती पुन्हा 58 वर आलीच.

म्हणून इंजेक्शन सुरू करतानाच मी ही गोळी अर्धी करतो, तीन महिन्यांची शुगर (रिपोर्टवर एचबीए1सी) आठच्या आत असेल तर बहुधा बंदच करतो. इन्सुलिन चालू असेल तर तेही कमी करावं लागतं. किती, ते रुग्णाच्या शुगरवर ठरतं. घरी ग्लुकोमीटर पाहिजे, आणि पहिले दोन महिने तो कपाटात नको, चुलीजवळ पाहिजे. आई एकादशी, चतुर्थी, नवरात्र करत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. उपासाच्या दिवशी शुगर पाडणारी गोळी घ्यायची की नाही, हे आधी ठरलेलं हवं.

दुसरी गोष्ट किडनी. आईंच्या वयाच्या बाईचं क्रिएटिनिन 1.4 म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता, रिपोर्टवर ईजीएफआर लिहितात ती, 45 च्या आसपास. लोकांना 1.4 म्हणजे 'थोडंसंच जास्त' वाटतं, पण जवळपास अर्धी ताकद गेलेली असते. याचा अर्थ हे औषध किडनीला वाईट असा काढू नका. शुगर आणि किडनीचा आजार दोन्ही असलेल्या 3,533 लोकांवर सेमाग्लुटाइडचा अभ्यास झाला, 2024 मध्ये त्याचे निकाल आले. किडनी निकामी होणं किंवा किडनी-हृदयाने मृत्यू होणं, अशा गंभीर घटना 24 टक्क्यांनी कमी झाल्या. लांबच्या पल्ल्यात औषध किडनीच्या बाजूचं आहे. धोका सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस वाढवताना असतो, कारण तेव्हा मळमळ, उलटी, जुलाब होतात. माणूस खात नाही, आणि आपल्या लक्षात येत नाही की पाणीही पीत नाही.

यात आपलं ऊन मिळवा. एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या पुढे जातो, टिनाच्या खोलीत त्याहून बेकार हाल. बीपीच्या गोळीवर टेल्मिसार्टनच्या पुढे 'एच' लिहिलेलं असेल तर त्यात लघवी वाढवणारं औषध आहे. त्यात गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक किंवा असिक्लोफिनॅक चालू. उलटीने पाणी कमी झालेल्या माणसात ही तीन औषधं एकत्र आली की किडनी दोन दिवसांत बसू शकते. मे महिन्यात एक बाई अशीच आली होती. क्रिएटिनिन 1.1 चं 2.8 झालेलं. सलाईन दिलं, तिन्ही औषधं थांबवली, तीन आठवड्यांत 1.2 वर आलं. ती लवकर आली म्हणून निभावलं.

तेव्हापासून किडनी नाजूक असलेल्या रुग्णाला मी शक्यतो उन्हाळ्यात इंजेक्शन सुरू करत नाही, पावसाळा लागू देतो. तातडीचं कारण असेल तर अपवाद. आणि प्रत्येकाला एका कागदावर लिहून देतो की ज्या दिवशी दोनदा उलटी किंवा तीनदा जुलाब होतील, त्या दिवशी कोणत्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. सहसा त्यात 'एच'वाली बीपीची गोळी, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, डापाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे शुगर काढणारी गोळी) आणि दुखण्याच्या गोळ्या असतात. पण कोणत्या आणि किती दिवस, हे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. तो कागद भिंतीवरच्या कॅलेंडरला टाचून ठेवा.

गुडघ्यावरून एक विचारतो, रागावू नका. आई कुठली पुडी घेतात का? बाजाराच्या दिवशी मिळते ती, 'आयुर्वेदिक आहे' म्हणून दिलेली, घेतल्यावर दुसऱ्या दिवशी गुडघा एकदम मोकळा? अशा पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं. त्याने भूक वाढते, चेहरा गोल होतो, पोट सुटतं, शुगर-बीपी वर जातात. म्हणजे ज्या वजनासाठी हजारोंचं इंजेक्शन आणायचं, ते वजन पुडी वाढवत असू शकते. घेत असतील तर मात्र एकदम बंद करू नका. खूप दिवस स्टेरॉइड घेतलेल्या माणसाला ते अचानक तोडल्यास बीपी-शुगर कोसळून जिवावर बेतू शकतं. पुडीसकट डॉक्टरांकडे जा. पुडीची लाज वाटून ती लपवणारे रुग्ण मी रोज पाहतो. मला तिचा राग येत नाही, ती दिसली नाही तर काळजी वाटते.

डोळे. आईंच्या डोळ्याच्या पडद्याची तपासणी झाल्याचं तुम्ही कुठेच लिहिलं नाही. चष्म्याचा नंबर काढणं वेगळं, बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पडदा बघणं वेगळं. 9 वर्षांच्या शुगरमध्ये पडद्यावर बदल असायची शक्यता चांगलीच आहे. वाढलेली शुगर झपाट्याने खाली आली की हे बदल काही काळ बिघडू शकतात. सेमाग्लुटाइडच्या 2016 च्या एका अभ्यासात पडद्याच्या गुंतागुंती औषध घेणाऱ्यांत 3 टक्के आणि न घेणाऱ्यांत 1.8 टक्के दिसल्या. मुख्यतः आधीपासून पडदा खराब असलेल्यांत. म्हणून आधी पडदा तपासायचा, गरज असेल तर लेझर वगैरे करून घ्यायचं, मग इंजेक्शन आणि डोस हळूहळू. ही तपासणी न करता मी आता कोणालाच सुरू करत नाही.

पित्ताशयातले शांत खडे म्हणजे मनाई नाही. पण वजन भराभर उतरताना खडे वाढतात आणि सरकतात, शिवाय या औषधांनी पित्ताशयाचा त्रास थोडा वाढतो. आईंना कधी रात्री जेवणानंतर उजव्या बरगडीखाली किंवा बेंबीच्या वर कळ येऊन ती पाठीत, खांद्यात गेली आहे का, ते विचारा. आपल्याकडे बायका त्याला 'गॅस' म्हणून सोडून देतात. असं दोन-तीनदा झालं असेल तर आधी सर्जनला दाखवा. पूर्वी कधी स्वादुपिंडाला सूज येऊन भरती झाल्या असतील तर मी हे इंजेक्शन देत नाही. आणि सुरू केल्यानंतर न थांबणारं, पाठीत जाणारं पोटदुखणं आलं तर पुढची सुई टोचायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.

थायरॉईडबद्दल उगाच घबराट आहे. इंजेक्शनच्या माहितीपत्रकात थायरॉईडचा इशारा असतो, तो मेड्युलरी नावाच्या एका दुर्मिळ कॅन्सरसाठी आणि एमईएन-2 या आनुवंशिक आजारासाठी. स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात तो असेल तर औषध घ्यायचंच नाही. आईंचा थायरॉईड मंद आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. फक्त वजन उतरल्यावर 75 ची गोळी जास्त होऊ शकते, म्हणून तीन-चार महिन्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करा.

तुम्ही लिहिलं नाही, पण विदर्भात मी हे प्रत्येकाला विचारतो: घरात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे का? नुसता वाहक, म्हणजे एएस असेल तर सहसा अडचण नसते. प्रत्यक्ष आजार, म्हणजे एसएस असेल, तर शरीरातलं पाणी कमी होणं म्हणजे हाडं दुखण्याच्या झटक्याला बोलावणं. अशा रुग्णाचा निर्णय तालुक्यात घेऊ नये. शिवाय सिकलसेलमध्ये किंवा हिमोग्लोबिन खूप कमी असताना तीन महिन्यांची शुगर फसवी येऊ शकते. मग बोटाच्या शुगरवर जास्त भरवसा ठेवावा लागतो.

मेडिकलवाला नागपूरहून मागवणार म्हणतोय, त्याच्याकडे वळतो. हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. टिरझेपाटाइडला फ्रिजबाहेर 30 अंशांच्या आत 21 दिवस चालतं, सेमाग्लुटाइडच्या पेनांची मुदत कंपनीप्रमाणे वेगळी असते. मे महिन्यात एसटीच्या डिकीतून चार तास आलेल्या पार्सलमध्ये 30 अंश कुठून राहणार? बर्फाच्या डब्यात आलं का, बिल आणि बॅच नंबर आहे का, ते बघूनच घ्या. घरी एका दाराचा फ्रिज असेल तर बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवू नका. गोठलेलं औषध वितळलं तरी फेकून द्यायचं.

पेनऐवजी टिरझेपाटाइडची छोटी बाटली मिळाली तर आणखी जपा. तिच्यात अर्धा मिलीलिटर औषध असतं, सगळं एकाच वेळी घ्यायचं. आपल्या घरोघरी इन्सुलिनची लाल टोपीची सिरिंज असते, 40 युनिटची. तिच्यावर अर्धा मिली म्हणजे 20 ची खूण. 100 युनिटच्या नारिंगी टोपीच्या सिरिंजवर तोच अर्धा मिली 50 वर येतो. कोणी फोनवर नुसतं 'पन्नासपर्यंत भरा' सांगितलं आणि घरात लाल टोपीची सिरिंज असली की गोंधळ झालाच. आणि एक बाटली दोघींत वाटून घेऊ नका. असं करणारे मी पाहिले आहेत.

पैशाचं मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलं, कारण निर्णय बहुधा तिथेच अडतो. टिरझेपाटाइड मार्च 2025 मध्ये भारतात आलं तेव्हा 2.5 मिलिग्रॅमची बाटली 3,500 रुपये आणि 5 ची 4,375 रुपये होती, म्हणजे महिन्याला 14,000 ते 17,500. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च 2026 मध्ये संपलं आणि भारतीय कंपन्यांची स्वस्त औषधं आली, म्हणून तर आता ते तालुक्याच्या काउंटरवर पोहोचलंय. पण हे तीन महिन्यांचा कोर्स करून सोडायचं औषध नाही. वर सांगितलेल्या 2021 च्या अभ्यासातल्या लोकांनी ते थांबवलं तेव्हा उतरलेल्या वजनाचं दोन तृतीयांश वर्षभरात परत आलं. आपल्याकडे होतं असं की कापूस-तूर विकल्यावर हातात पैसा येतो तेव्हा सुरू करतात, आणि पेरणीला बियाणं-खताचा खर्च आला की बंद. पुढच्या वर्षी पुन्हा सुरू. वजन उतरताना चरबीबरोबर मांसही जातं आणि परत येताना मुख्यतः चरबीच येते. पन्नाशीच्या बाईचे पाय अशाने आणखी लटपटतात. वर्षभराचा खर्च पेलणार नसेल तर सुरूच करू नका. त्यात कसलाही कमीपणा नाही, आणि आईंच्या वजनाचे बाकीचे उपाय त्याने संपत नाहीत. ग्लिमेपिराइड स्वतःच वजन वाढवते. ती कमी करून, ईजीएफआर बघून डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी दिली तर दोन-तीन किलो उतरतात, किडनीला आधार मिळतो आणि ती गोळी आता स्वस्त आहे. तीही लघवीच्या जागेचं इन्फेक्शन आणि कडक उपास यांचा विचार करूनच. तुमच्या जागी मी पहिले तीन महिने हेच केलं असतं.

सुरू केलंच तर मी सेमाग्लुटाइड 0.25 मिलिग्रॅमवर चार आठवडे ठेवतो, मग 0.5. मळमळ असेल तर पुढच्या पायरीची घाई नाही, दोन महिने तिथेच राहिलं तरी चालतं. भूक कमी आणि ताटात भाकरच जास्त असं होऊ देऊ नका. आधी घट्ट वरण, पिठलं, अंडं किंवा मटकीची उसळ, नंतर भाकर. किडनीमुळे प्रोटीन किती ते डॉक्टरांना विचारून ठरवा. तर्रीचं आणि तळलेलं या औषधावर पोटात बसतच नाही, हे पहिल्याच आठवड्यात आईंना कळेल. पुढेमागे मोतीबिंदूचं किंवा पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या इंजेक्शनबद्दल आठवणीने सांगा, कारण उपाशी ठेवूनही पोटात अन्न शिल्लक असू शकतं.

शेवटी तुम्ही स्वतःबद्दल ओझरतं विचारलंय, पीसीओडी आहे, लग्नाला दोन वर्षं झाली, मीही घेऊ का. तुमचं वजन-उंची कळल्याशिवाय हो-नाही सांगता येत नाही. पण मूल हवं असेल तर आत्ता नको. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या प्रयत्नाआधी किमान दोन महिने बंद असावं लागतं. आणि मूल नको असेल तरी, वजन उतरल्यावर पीसीओडीत पाळी सुधारून दिवस अनपेक्षितपणे राहतात. टिरझेपाटाइडवर गर्भनिरोधक गोळीचा असरही कमी होऊ शकतो, म्हणून सुरुवातीचे चार आठवडे आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे निरोध वापरायला सांगतात.

या महिन्यात तुम्ही एवढं करा. आईंच्या सगळ्या गोळ्या, मलमं, पुड्या एका पिशवीत भरा. क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, तीन महिन्यांची शुगर, टीएसएच, हिमोग्लोबिन आणि पोटाची नवी सोनोग्राफी करा. डोळ्याचा पडदा तपासून घ्या. यवतमाळचं शासकीय मेडिकल किंवा सेवाग्राम, दोन्हीकडे यातलं बहुतेक होतं. मग ती पिशवी फिजिशियनच्या टेबलावर ओता आणि विचारा, 'हे इंजेक्शन सुरू केलं तर यातलं काय कमी करायचं?' ते एकेक गोळी हातात घेऊन बोलू लागले तर तिथेच उपचार घ्या. पिशवीकडे न बघता पेन लिहून दिलं, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. रिपोर्ट आले की क्रिएटिनिन आणि पडद्याचं काय निघालं ते मला इथे कळवा, त्यावर पुढचं लिहितो.